साडेचार रोट्या

आमच्या घरी जेवताना दुसऱ्याच्या घासाकडे बघायचं नाही हा पहिला नियम होता, आणि तो मी रोज मोडत असे. बाकीचे नियम मला पाळता यायचे. दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, अंथरण्याआधी हात मनगटापर्यंत धुवायचे. एक गुडघा उभा ठेवून बसायचं. बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय पहिला घास मोडायचा नाही. आपल्या समोरचंच खायचं, पलीकडे हात न्यायचा नाही. गरम घासावर फुंकर मारायची नाही. मीठ कमी पडलं तरी बोलायचं नाही. घरातलं मोठं माणूस किंवा पाहुणा जेवत असेपर्यंत आपला हात उचलायचा नाही, नाहीतर त्याला संकोच वाटतो आणि तो अर्ध्यावर उठतो. आपलं पोट भरलं असलं तरी बारीक बारीक घास मोडत बसायचं. आणि शेवटचा नियम, अब्बांचा सगळ्यात आवडता: भूक थोडी शिल्लक असतानाच थांबायचं. मी ज्या वर्षांबद्दल लिहिते आहे त्या वर्षांत हा शेवटचा नियम पाळणं कुणालाच जड जात नव्हतं.

आमचं गाव अकोटपासून दोन कोसांवर. घरात एकच मोठं तबक होतं, तांब्याचं, आतून कल्हई केलेलं, अम्मीच्या माहेरून आलेलं. अब्बा, मी आणि माझा धाकटा भाऊ रशीद त्याच्याभोवती बसायचो, अम्मी वाढून झालं की येऊन बसायची. गोल तबकाला कोपरे नसतात, पण आमच्या तबकात चौघांचे चार कोपरे ठरलेले होते. रशीद सात वर्षांचा होता, मी बाराची. त्याच्या कोपऱ्यात वरण जास्त आलंय की माझ्या, हे मला बसण्याआधीच समजायचं. मी फार खायची. हे घरात कुणी बोलून दाखवत नसे, पण शेजारच्या वच्छलाकाकू दाखवायच्या. त्या शेतकऱ्याघरच्या, काळ्या रानाच्या आणि मोठ्या आवाजाच्या. आमच्या दारात उभ्या राहून त्या म्हणायच्या, "काय वं शमीम, तुह्या पोटात उखळ हाय का? सकाळीच तं खाऊन राह्यली होती." घरात आमची बोली अर्धी उर्दू, अर्धी वऱ्हाडी. काकूंशी बोलता बोलता वऱ्हाडीच जास्त झाली होती. मी आज ती जशी कानात आहे तशी लिहिते आहे.

अब्बा पिंजारी. गावोगाव फिरून गाद्या-रजयांचा कापूस पिंजायचे. कुणाच्या ओसरीवर अब्बांचं पिंजण सुरू झालं की त्याच्या ताणलेल्या दोरीचा, तातीचा, तो 'टुंई टुंई' आवाज दोन गल्ल्या ओलांडून यायचा, आणि संध्याकाळी ते घरी येताना त्यांच्या भुवया पांढऱ्या असायच्या. त्या सालात लागोपाठ दुसऱ्यांदा पाऊस गेला होता. कापूस बोंडातच करपला. लोकांनी पोरींची लग्नं लावली, पण गाद्या भरल्या नाहीत. पिंजण खुंटीला टांगलेलं राहिलं आणि अब्बा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. त्यांच्या भुवया तेव्हाही पांढऱ्याच असायच्या, पण ती दगडाची भुकटी होती आणि ती हाताने झटकून जात नसे. रेशनवर लाल ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना कडेने फाटायची, तव्यावर टाकेपर्यंत तिचे दोन तुकडे व्हायचे. सोबत तुरीचं पातळ वरण, नाहीतर अंबाडीची भाजी, नाहीतर नुसता ठेचा. माझ्या नाती मला विचारतात, ती लाल भाकरी लागायची कशी? चवीचं मला आठवत नाही. ती पुरायची नाही, एवढं आठवतं.

गावातली शाळा सातवीपर्यंत होती आणि मी सातवी पास झाले होते. गुरुजींनी अब्बांना बोलावून सांगितलं होतं की पोरगी हुशार आहे, थांबवू नका. पण पुढची शाळा अकोटला, आणि एकट्या मुलीला रोज एस.टी.ने पाठवायला अब्बा तयार नव्हते. अशात अमरावतीहून अब्बांच्या थोरल्या बहिणीचं, माझ्या फुफीचं, कार्ड आलं. मुलींची शाळा आमच्या गल्लीच्या मागेच आहे, शमीमला इकडे ठेवा, तिचे फुफा येऊन तिला बघून जातील. ते कार्ड मीच वाचून दाखवलं, कारण अम्मीला वाचता येत नव्हतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अम्मी हसली. दुसऱ्यांदा वाचायला लावलं तेव्हा 'बघून जातील' या शब्दांवर ती थांबली.

"बघून जातील म्हंजे?" तिने अब्बांना विचारलं.

"म्हंजे बघून जातीन. दोन वर्षं झाले, त्यानं पोरीले पाह्यलं कुठं?"

"त्यांचे सोताचे दोन पोरं हायेत. या सालात कोन अजून एक तोंड घरात घेते?" अम्मी म्हणाली. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी त्या वेळी कढईच्या बुडाची करपलेली भाजी बोटाने पुसून खात होते.

फुफा गेल्या हिवाळ्यात गेले. नव्वदी ओलांडली होती, त्रास झाला नाही. शेवटचे दोन महिने ते चमच्याने पेज घ्यायचे, आणि मी दुपारी त्यांच्या पलंगाशी वाटी घेऊन बसायची. त्यांना घाई नसायची, मलाही नसायची. शाळेतून मी निवृत्त झाल्याला बरीच वर्षं झाली. ते गेल्यापासून हे लिहायला बसते आणि दिवसाला पाच-सहा ओळींच्या पुढे जात नाही. लिहून झालं की मात्र छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते.

फुफा ज्या शुक्रवारी यायचे होते त्याच्या आधीच्या दिवसांत अम्मीने मला तयार केलं. कपड्यांचं नाही, केसांचं नाही, जेवणाचं. पाहुण्यासाठी आमची एकुलती एक अंडी देणारी कोंबडी कापायची ठरली होती. वच्छलाकाकूंच्या भावाकडून, मोर्शीहून, थोडे गहू आले होते, त्यातले दोन शेर काकूंनी पदराखाली आणून अम्मीच्या सुपात ओतले आणि म्हणाल्या, "पाव्हण्यासमोर ते लाल भाकर ठेवू नको वो बाई." म्हणजे खूप महिन्यांनी घरात कोंबडीचा रस्सा आणि गव्हाच्या रोट्या होणार होत्या, आणि त्याच दिवशी मला कमी खायचं होतं.

"अर्धी रोटी," अम्मी म्हणाली. "अर्धी झाली की हात उचलजो. म्हन, बस, पोट भरलं."

"आन् भूक लागली तं?"

"लागू दे. ते गेले की मी तुले देतो. तुले शाळेत जाचं हाय का नाही?"

मला शाळेत जायचं होतं. मी चार दिवस सराव केला. लाल भाकरी अर्धी झाली की हात उचलायची, 'बस, पोट भरलं' म्हणायची, आणि अम्मी मान डोलवायची. अब्बा कामावरून उशिरा यायचे, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. रशीदला ठाऊक होतं. मी हात उचलला की माझ्या कोपऱ्यातलं त्याला मिळायचं, त्यामुळे तो कुणाला सांगणार नव्हता.

शुक्रवारी अकराच्या एस.टी.ने फुफा आले. उंच, किडकिडीत, पांढरी टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. अमरावतीला ते उर्दू शाळेत मास्तर होते. त्यांनी माझ्याकडून एक उतारा वाचून घेतला, तेराचा पाढा म्हणून घेतला, रशीदला विचारलं मोठा होऊन काय होणार. रशीद म्हणाला, "कंडक्टर." "बहोत खूब," फुफा म्हणाले, "मग आमची तिकिटं माफ." मला धीर आला. नमाजनंतर दस्तरखान अंथरलं. घरभर मसाल्याचा वास. अब्बा, फुफा, मी, रशीद बसलो, अम्मी चुलीपाशी होती. तबकात रस्सा, वर तेलाचा लाल तवंग, कडेला रुमालात गुंडाळलेल्या रोट्या. मी बिस्मिल्ला म्हटलं आणि पहिला घास मोडला. तो घास मला अजून आठवतो. त्यानंतरचे दोन आठवत नाहीत, इतक्या लवकर ते गेले. मग मला अर्ध्या रोटीची आठवण झाली आणि मी उरलेला चतकोर नखाएवढे तुकडे करून खाल्ला. फुफा हळू जेवत होते, अमरावतीच्या कुठल्याशा हेडमास्तरांची गंमत सांगत होते. त्यांची अजून अर्धीही झाली नव्हती. मी हात उचलला.

"बस. पोट भरलं," मी म्हणाले.

फुफांचं बोलणं थांबलं. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे. हातातला घास तोंडात घातला, सावकाश चावून गिळला, आणि त्यांनीही हात उचलला. "अल्हम्दुलिल्लाह," ते म्हणाले. पाहुण्याने हात उचलल्यावर यजमान जेवत राहू शकत नाही. अब्बांनी हातातला तुकडा परत दस्तरखानावर ठेवला. अम्मी त्याच वेळी दोन गरम रोट्या घेऊन आली, आणि तिला दिसलं की तिघांचे हात वर आहेत आणि तबक जवळजवळ भरलेलं आहे. रशीदच्या हातात कोंबडीची तंगडी होती. त्याने सगळ्यांकडे एकेकदा बघितलं.

"अब्बा," त्याने विचारलं, "मी थांबू का खाऊ?"

मग त्याने तंगडी हळूच मागे नेऊन पाठीशी धरली.

फुफा उठले, हात धुतले, आणि पुलाकडे चक्कर मारून येतो म्हणून बाहेर पडले. त्यांची परतीची एस.टी. चारला होती. ते दाराबाहेर गेल्याबरोबर अब्बा माझ्याकडे वळले. अब्बांचा आवाज चढलेला मी आयुष्यात दोनदाच ऐकला, त्यातला हा एक.

"पाव्हण्याच्या आधी हात उचलते? पाव्हणा उपाशी उठला माह्या घरातून! हेच शिकवलं का तुले?"

"मी शिकवलं," अम्मी म्हणाली. ती अजून त्या दोन रोट्या हातात घेऊन उभी होती. "मीच म्हटलं, अर्धी खाजो म्हून. त्याईले वाटावं, पोरगी कमी खाते. मले त्या दुसऱ्या गोष्टीचं ध्यानच नाही राह्यलं."

अब्बा खाली बसले. "आता तो बहिणीले काय सांगन?" ते म्हणाले. "का त्यांच्या घरी जेवणाची रीत नाही. आन् का जेवण करून ठेवलं होतं पन मनातून खाऊ घालाचं नव्हतं." अम्मी रडली नाही. तिने रोट्या रुमालात ठेवल्या, रुमालाची चारही टोकं नीट दुमडली, आणि भिंतीला टेकली. मला कळलं की शाळा गेली. मला भूकही लागली होती, आणि त्या वेळी भूक लागावी याचीच मला जास्त लाज वाटली.

पाऊण तास गेला. मग दारात वच्छलाकाकू. "जेवला का वो पाव्हणा?" असं विचारत त्या आत आल्या आणि थबकल्या. "अगं माय! हे तं सारंच उरलं! कोंबडी काहून उरली? रागावला का तो?" अम्मीने त्यांना थोडक्यात सांगितलं, बोलू नका असं हाताने खुणावत, कारण दाराबाहेर पायांचा आवाज आला होता. फुफा परत आले होते. पण वच्छलाकाकूंना खुणा कळत नसत. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि सरळ फुफांकडे वळल्या.

"गुरुजी, रागावू नोका. ते पोरगी चार पोळ्या खाते! म्या सोता पाह्यलं. तिच्या मायनं आज तिले बांधून ठेवलं होतं, तुमाले वाटावं लहान पोट हाय म्हून. भुकी हाय ते. पाहा तिचं तोंड."

अम्मीने ओढणीने चेहरा झाकून घेतला. अब्बा उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. फुफांनी चष्मा काढला, टोपीच्या कडेने पुसला, परत लावला. मग ते हसले. आधी आवाज नव्हता, मग आला.

"बाई," ते काकूंना म्हणाले, "मले समजलं होतं. हिनं हात उचलला, पन डोळे तबकातच राहिले होते. पोट भरलेल्या लेकराचे डोळे असे नसतात. पंधरा वर्षं पोरंच पाहून राह्यलो. लेकरू उपाशी उठलं तं मी कसा खाऊ? म्हून मीही उठलो. मले वाटलं, घरात पुरत नसन, मी खाल्लं तं लेकरायले राहणार नाही." त्यांनी अम्मीकडे वळून विचारलं, "भाभी, रस्सा गरम होते का? मी सकाळच्या चहावर हाय."

अम्मी जवळजवळ धावत चुलीकडे गेली.

पुन्हा दस्तरखान अंथरलं. या वेळी फुफांनी मला आपल्या शेजारी बसवलं आणि अम्मीलाही बोलावलं. "आता ऐक," ते मला म्हणाले. "मी तुह्या आधी हात उचलणार नाही. मी म्हातारा होईन तोवर बसन, पन तुह्या आधी नाही उचलणार. समजलं? आन् तू खोटा हात उचलशीन तं मले दिसन."

मी जेवले. पहिली रोटी मी नखाएवढे तुकडे करूनच खाल्ली. दुसरीला मी खाली मान घालून जेवत होते. तिसरीला रशीदने खुशीत येऊन सांगितलं की त्याची तंगडी तो केव्हाच मागच्या मागे खाऊन मोकळा झालाय, आणि अब्बा हसले, तेव्हा मी वर बघितलं. फुफा एकेक बारीक घास मोडत होते, काहीच घाई नसल्यासारखे, आणि पुन्हा त्या हेडमास्तरांची गंमत सांगत होते, जिथे थांबली होती तिथून. काकू दारात बसून बघत होत्या. मी पाचवी रोटी मोडली, अर्धी खाल्ली, आणि थांबले. थोडी भूक होती की नव्हती हे मला आज सांगता येणार नाही. थांबावंसं वाटलं म्हणून थांबले, भीती नव्हती.

"किती झाल्या?" फुफांनी विचारलं.

"चार."

"खरं?"

"साडेचार."

"हां." त्यांनी हात उचलला, आणि मग अब्बांनी. "आता शमीमच्या फुफीले सांगता येईन, पीठ किती मळाचं ते. घरात येणाऱ्याची भूक मालूम नसली तं रोज कोणीतरी उपाशी राह्यते, आन् ते बोलतही नाही." ते माझ्याकडे वळले. "पन एक गोष्ट हाय. आमच्या इथं हे गहू नाहीत. लाल ज्वारीच हाय, तुमच्यासारखी. माह्या पोरायले मी अडीच अडीच भाकरी देतो, तुले तीन भेटतीन. चवथी नाही भेटणार. चालन का?"

"चालन," मी म्हणाले. अम्मीच्या तोंडून एक आवाज निघाला. ती हसली की रडली ते मला कळलं नाही. ती घाईने उठून हात धुवायला गेली होती आणि तिथून बराच वेळ पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला.

फुफा चारच्या एस.टी.ने गेले, अब्बा आणि मी त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेलो. जाताना त्यांनी माझ्या जेवण्याबद्दल शब्दही काढला नाही. फक्त अब्बांना म्हणाले, शाळेचा दाखला काढून ठेवा. गाडी सुटली आणि धुळीत दिसेनाशी झाली तरी अब्बा फाट्यावर उभेच होते. घरी परतताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो घर येईपर्यंत काढला नाही. त्यांच्या हाताला खडीची बारीक धार होती, केसांत अडकायची. नंतर मी कॉलेजात गेले, शिकवू लागले, लग्न झालं, मुलं झाली, फुफीला पोहोचवून आले आणि आता फुफांनाही. पण सुटका म्हणजे काय ते मला कुणी विचारलं तर मला तो फाट्यापासून घरापर्यंतचा रस्ता आठवतो. उन्हाने तडकलेलं रान दोन्ही बाजूंना होतं. हातात काही नव्हतं. तरी मी मध्येमध्ये उड्या मारत होते.

आठवड्याने फुफीचं कार्ड आलं. तिचं अक्षर मोठं आणि तिरकं, म्हणून कार्डावर मोजक्याच ओळी मावायच्या. तिने लिहिलं होतं की शाळा पुढच्या सोमवारी सुरू होते, शमीमचं नाव घातलं आहे. आणि त्याखाली, जागा संपत आल्यामुळे बारीक अक्षरात: 'तिच्या तीन भाकरी मी कालपासून टाकू लागले आहे. लवकर पाठव, नाहीतर तुझा दाजी त्याही खाऊन लठ्ठ होईल.'

मी ते अम्मीला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिने सांगितलं की वरचं राहू दे, फक्त भाकरीचं तेवढं वाच.